ड्यूररचे हत्यार आणि १९२०च्या दशकातील ब्रिटिश एनग्रेव्हर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्या महायुद्धानंतर रॉबर्ट ऑस्टिन आणि त्यांच्या पिढीतील काही ब्रिटिश मुद्राचित्रकारांनी (धातूच्या प्लेटवर चित्र कोरून, खाचांत शाई भरून ते कागदावर छापणाऱ्या कलावंतांनी), एचिंगसारखे आम्लाने रेषा खोदणारे सोयीचे तंत्र हाताशी असताना, ब्युरिन या हत्याराने थेट तांब्यावर कोरण्याची जुनी पद्धत, म्हणजे एनग्रेव्हिंग, पुन्हा का स्वीकारली, त्यांच्या कामाला प्रबोधनकाळातील जर्मन कलावंत ड्यूररची नक्कल म्हणावे का, आणि अशी छाप समोर आली तर ती एचिंगपासून वेगळी कशी ओळखावी. मी स्वतः तांब्यावर काम करतो आणि ते शिकवतोही. त्यामुळे उत्तराची सुरुवात चळवळीपासून न करता हत्यारापासून करतो, कारण माझ्या मते पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या हत्यारातच आहेत.

ब्युरिन म्हणजे चौरस छेदाची आखूड पोलादी सळई. तिचे टोक तिरके घासलेले असते आणि दुसऱ्या बाजूला तळहातात बसणारी गोलसर लाकडी मूठ असते. मुठीची खालची बाजू सपाट कापलेली असल्यामुळे हत्यार प्लेटशी जवळजवळ समांतर धरता येते. प्लेट वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात. मूठ तळव्याला टेकते, तर्जनी सळईच्या बाजूने सरळ राहते आणि जोर बोटांतून न येता तळव्यातून येतो. सरळ रेषेसाठी उजवा हात पुढे रेटायचा. वळणदार रेषेसाठी मात्र उजवा हात जवळपास जागीच ठेवून डाव्या हाताने प्लेट फिरवायची. नवशिक्यांना सगळ्यात जड जाते ते हेच, कारण कागदावर चित्र काढताना कागद स्थिर आणि हात फिरता, ही सवय अंगात भिनलेली असते. नांगराच्या फाळापुढे माती उलटत जावी तशी टोकापुढे तांब्याची बारीक कुरळी तार निघत जाते. रेषेच्या दोन्ही कडांना धातूची जी धार उठते ती स्क्रेपरने साफ करतात. टोक किंचित खोल गेले की रेषा रुंदावते, वर आले की निमुळती होते. टोकाचा कोन जास्त उभा असेल तर हत्यार तांब्यात रुतते. जास्त सपाट असेल तर ते घसरते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर लांबच लांब ओरखडा सोडते. म्हणून धार लावण्यात जाणारा वेळ वाया गेला असे कोणताही अनुभवी एनग्रेव्हर मानत नाही.

एचिंगमध्ये यातले काहीच नाही. तिथे मेणकट थर दिलेल्या प्लेटवर सुईने सहज रेखाटायचे आणि तांबे खाण्याचे काम आम्लावर सोपवायचे. रेषेची जाडी मुख्यतः प्लेट आम्लात किती वेळ राहिली यावर ठरते. त्यामुळे एचिंगची रेषा वहीतल्या रेखाटनासारखी चपळ, अडखळणारी, मध्येच विचार बदलणारी असू शकते. ब्युरिनला असे चाचपडता येत नाही. तांब्यात रेषा घालण्यापूर्वी ती कुठून निघणार, कुठे फुगणार, कुठे विरणार आणि शेजारच्या रेषेपासून किती अंतरावर राहणार हे ठरलेले असावे लागते. चूक दुरुस्त करता येते, पण ती खरवडून, घासून, प्लेटच्या मागून ठोकून पृष्ठभाग पुन्हा सपाट करावा लागतो, आणि तेवढा उपद्व्याप कोणी हौसेने करत नाही. छायेसाठीही मुक्त खरडणे चालत नाही. समांतर रेषा, त्यांना छेदणाऱ्या रेषा, मधले ठिपके अशी शिस्तबद्ध रचनाच लागते. या हत्याराने काम करणाऱ्याला आकार आधी मनात पूर्ण समजून घ्यावा लागतो.

पंधराव्या शतकात ही कला सोनारांच्या कामातून आली, हे इथे महत्त्वाचे आहे. कोल्मारचा मार्टिन शोनगाउअर सोनाराचा मुलगा होता. आल्ब्रेख्त ड्यूररही सोनाराचाच मुलगा, आणि त्याचे पहिले शिक्षण वडिलांच्या कार्यशाळेतच झाले. १४९२ मध्ये तो शोनगाउअरला भेटायला कोल्मारला पोहोचला, तेव्हा शोनगाउअर आदल्या वर्षीच वारला होता. या लोकांनी कोरलेली चित्रे त्यांची स्वतःची होती. कल्पना, रेखाटन आणि कोरणी बहुतेक वेळा एकाच माणसाची. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात ड्यूररच्या १५०४ च्या ‘आदम आणि ईव्ह’चे अपूर्ण अवस्थेतले प्रूफ, म्हणजे काम चालू असताना काढलेली चाचणी छाप, जपलेले आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याची प्रतिमा आवर्जून दाखवतो. मागचे गडद जंगल जवळपास पूर्ण झाले आहे, आणि पुढच्या दोन्ही आकृती मात्र नुसत्या बाह्यरेषेत रिकाम्या उभ्या आहेत. आदमच्या एका पायावर तेवढे छायांकन झालेले दिसते. म्हणजे सगळ्या चित्रावर थोडे थोडे काम करत पुढे जायचे अशी पद्धत इथे नव्हती. एकेक भाग शेवटपर्यंत नेऊनच पुढच्या भागाला हात घातला जाई. त्या रिकाम्या अंगांवर पुढे काय येणार हे ड्यूररला आधीच स्वच्छ दिसत होते, नाहीतर इतक्या गडद पार्श्वभूमीपुढे त्वचेचा करडेपणा मोजून बसवणे शक्यच नव्हते.

इटलीत पंधराव्या शतकातील चित्रकार आंद्रेआ मान्तेन्या याची रीत वेगळी होती. त्याच्या छापांत छाया तिरक्या समांतर रेषांनी पडते आणि त्या रेषा आकाराच्या वळणाला फारशा जुमानत नाहीत. पोलाइउओलोच्या ‘नग्न योद्ध्यांची लढाई’ या मोठ्या छापेतही बाह्यरेषेचा जोर हाच चित्राचा प्राण आहे. ड्यूररच्या रेषा अंगाच्या गोलाईवरून वळत जातात, मान्तेन्याच्या रेषा अंगावरून सरळ निघून जातात. पुढे मी ज्या दोन वाटांबद्दल लिहिणार आहे त्यांचे मूळ या फरकात आहे.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोममध्ये मार्कान्तोनिओ रायमोंदी राफाएलच्या रचना तांब्यावर उतरवू लागला, आणि तिथून एनग्रेव्हरचा दर्जा हळूहळू बदलत गेला. चित्रकाराने रंगवायचे आणि एनग्रेव्हरने ते रेषांत उतरवून जगभर पोहोचवायचे, अशी वाटणी रूढ झाली. या कामात तीनशे वर्षे विलक्षण कौशल्य ओतले गेले, यात शंका नाही. पण रेषा स्वतःचे काही न सांगता दुसऱ्याच्या रंगांचे अनुकरण करू लागली, आणि एकोणिसाव्या शतकात पोलादी प्लेटा व रेषा आखणारी यंत्रे आल्यावर ती पार निर्जीव झाली. छायाचित्रणाने हा व्यवसायच संपवला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फ्रान्सिस सेमूर हेडन या शल्यविशारदाने १८८० मध्ये चित्रकार-एचरांची संस्था उभी केली आणि एचिंग हीच कलावंताची मूळ, स्वतंत्र छाप असा आग्रह धरला. हेडनच्या लेखी ब्युरिनचे काम संथ आणि यांत्रिक होते. डोळ्यांपुढे असलेल्या नमुन्यांकडे पाहता तो अगदीच चूक होता असे नाही, पण दोष हत्याराचा नव्हता. मधल्या काळात ब्युरिन जिवंत राहिले ते मुख्यतः पुस्तकपट्ट्या (पुस्तकाच्या आत चिकटवायच्या, मालकाचे नाव असलेल्या छापील चिठ्ठ्या), नाणी, चांदीची भांडी आणि घराण्यांची मानचिन्हे कोरणाऱ्यांकडे. चार्ल्स विल्यम शेरबॉर्न (१८३१–१९१२) यांच्या पुस्तकपट्ट्या पाहिल्या तर त्यांनी सोळाव्या शतकातील जर्मन कारागीर किती बारकाईने अभ्यासले होते ते कळते.

आता १९२०च्या दशकाकडे येऊ. तेव्हा ब्युरिन पुन्हा का उचलले गेले याचे एकच कारण देता येणार नाही, पण मी पहिला क्रम संग्रहालयाला देईन. ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र विभागाचे १९१२ ते १९३२ पर्यंतचे प्रमुख कॅम्पबेल डॉजसन हे ड्यूरर आणि जुन्या जर्मन छापांचे मोठे अभ्यासक होते, आणि त्याच वेळी ते हयात कलावंतांच्या छापा स्वतःच्या पैशाने गोळा करत होते. त्यांनी ड्यूररच्या एनग्रेव्हिंगची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३० मध्ये रॉबर्ट ऑस्टिनच्या छापांची. म्हणजे चारशे वर्षांच्या अंतरावरचे हे दोन कलावंत एकाच माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी होते. त्यांचे सहकारी आर्थर हाइंड जुन्या इटालियन एनग्रेव्हिंगवर काम करत होते. तरुण कलावंतांना अभ्यासिकेत जाऊन मूळ छाप हातात घेऊन पाहता येत होती. पुस्तकातल्या पुनर्मुद्रणात शाईचा उठाव दिसत नाही. मूळ छाप तिरक्या उजेडात धरली की रेषेची खोली लक्षात येते, आणि खोली दिसली की हाताची हालचाल कळते.

दुसरे कारण संस्थात्मक होते. रोममधील ब्रिटिश स्कूलने १९२० पासून एनग्रेव्हिंगसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. पहिली जॉब निक्सन यांना मिळाली, १९२२ ची ऑस्टिन यांना. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये सर फ्रँक शॉर्ट यांच्या हाताखाली तंत्राची पक्की तालीम घेतलेली ही मुले थेट इटलीत जाऊन पोहोचत. निक्सन यांनी तिथेही एचिंगच चालू ठेवले, म्हणजे नुसत्या रोमच्या हवेने कोणी ब्युरिन उचलत नव्हते. ऑस्टिन मात्र बदलले. लेस्टरमध्ये १८९५ साली जन्मलेला हा तरुण महायुद्धात तोफखान्यात होता. युद्धानंतर शिक्षण पुरे करून तो इटलीला गेला आणि तिथल्या मुक्कामात त्याचा ओढा एचिंगकडून ब्युरिनकडे वळला. युद्धातून परतलेल्या त्या पिढीला धूसरपणाचा, वातावरणाच्या गूढ छटांचा कंटाळा आला होता आणि स्पष्ट, आखीव आकाराची ओढ वाटत होती, असे इतिहासकार सांगतात. ते खरे असावे, पण मला त्याहून जवळचे एक कारण दिसते. तोवर ब्रिटिश एचिंग, लंडनमध्ये राहिलेला अमेरिकन एचर व्हिस्लर याच्या छायेत अडकले होते. प्लेट पुसताना शाईचा पातळ थर मुद्दाम मागे ठेवायचा आणि वातावरण निर्माण करायचे, ही क्लृप्ती जो तो वापरत होता. ज्याला रेषेवर विश्वास होता त्याला त्यातून बाहेर पडायचेच होते.

ऑस्टिनची ‘शेळ्यांचे दूध काढणारी स्त्री’ ही १९२५ ची छाप किंवा त्यांच्या घंटांच्या छापा पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती स्वच्छता. प्लेट पूर्ण पुसलेली असते. जिथे रेषा नाही तिथे कागदाचा पांढरेपणा. करडी छटा आहे ती सगळी रेषांच्या अंतरातून आलेली, आणि हे अंतर इतके बारीक व सारखे असते की हातभर लांबून पाहिले तर रुपेरी पृष्ठभाग दिसतो, जवळ गेले की एकेक रेषा सुटी होते. ज्याने स्वतः अशा पन्नास रेषा शेजारी शेजारी घालून पाहिल्या आहेत त्यालाच एकावन्नाव्या रेषेची भीती माहीत असते. विषय साधे आहेत: शेतकरी, गुरे, प्रार्थना करणारी माणसे, लाकूड आणि दगड. ड्यूररचे ऋण उघड आहे आणि ऑस्टिनने ते लपवलेले नाही. तरीही मी याला नक्कल म्हणत नाही. ड्यूररच्या शैलीत देवदूत, शूरवीर आणि कवट्या कोरणारे पुष्कळ झाले. ऑस्टिनने मात्र समोर दिसणारी माणसे घेतली आणि ड्यूररकडून उचलली ती आकार पूर्ण समजल्याशिवाय हत्यार न टेकवण्याची सवय.

एका बाबतीत मात्र ही मंडळी प्रबोधनकाळापासून दूर होती, आणि त्यांचे चाहते हे सहसा सांगत नाहीत. ड्यूररच्या छापा जत्रांत आणि बाजारांत विकल्या जात. प्लेट चालेल तोवर छापायची, एवढाच हिशेब. १९२०च्या दशकातील छापा मर्यादित संख्येत, पेन्सिलीने सही करून, संग्राहकांसाठी निघत. त्या काळी लंडनमध्ये छापांच्या किमती शेअरबाजारासारख्या चढत होत्या. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, अमेरिकन गिऱ्हाईक नाहीसे झाले, आणि त्याबरोबर ब्रिटिश छापांची ही सगळी इमारत खचली. ग्रॅहम सदरलँडसारख्या हुशार एचरने चित्रकलेची वाट धरली. ऑस्टिन शिकवत राहिले. १९४८ ते १९५५ ते रॉयल कॉलेजमध्ये एनग्रेव्हिंगचे प्राध्यापक होते.

स्टॅन्ली अँडरसन यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. ब्रिस्टलमध्ये वडील मानचिन्हे कोरत आणि मुलगा पंधराव्या वर्षापासून सात वर्षे त्यांच्याकडेच उमेदवारी करत होता. म्हणजे ड्यूररसारखाच हा माणूसही धातूच्या धंद्यातून आला. सुरुवातीला त्यांनी एचिंग आणि ड्रायपॉइंट (आम्लाशिवाय, टोकदार सुईने थेट प्लेटवर ओरखडून रेखाटणे) केले, आणि जे हत्यार लहानपणापासून हातात होते त्याकडे ते स्वतःच्या चित्रांसाठी बऱ्याच उशिरा, १९३०च्या आसपास वळले. पुढची दोन दशके त्यांनी ऑक्सफर्डशायरच्या खेड्यांतील मरू घातलेले धंदे कोरले: चाके बनवणारा, टोपल्या विणणारा, खुर्च्या घडवणारा. या छापांत हत्यारे अचूक आहेत, हातांची पकड अचूक आहे. भूतकाळाबद्दलचा हळवेपणा त्यांत आहे, आणि काही छापांत तो मला जरा जास्त वाटतो. पण लाकडाच्या ताज्या कापावरचा उजेड इतक्या कमी रेषांत दाखवणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

स्टीफन गुडेन यांनी हीच रेषा पुस्तकांत नेली. नॉनसच प्रेस या इंग्रजी प्रकाशनसंस्थेच्या १९२५–२७ मधील बायबलसाठी त्यांनी कोरलेली मुखपृष्ठपाने नेटकी आणि थोडी थंड आहेत. उलट डेव्हिड जोन्स यांनी १९२९ मध्ये कोलरिजच्या खलाशाच्या काव्यासाठी केलेल्या ताम्रछापांत छायांकन जवळजवळ टाळले आणि पातळ बाह्यरेषेवर सगळे तोलले. ड्यूररच्या अनुयायांच्या गर्दीत ही पातळ रेषा मला फार मोकळी वाटते. गुडेन आणि ऑस्टिन या दोघांचे हात शेवटी चलनी नोटांपर्यंत पोहोचले: बँक ऑफ इंग्लंडची १९५७ ची पाच पौंडांची नोट गुडेन यांच्या रेखाटनावरून निघाली, आणि १९६० ची एक पौंडाची ऑस्टिन यांच्या.

मान्तेन्याची वाट पुढे चालली ती पॅरिसमध्ये. तिथे झाँ-एमिल लाबुरर महायुद्धाच्या काळात ब्युरिनकडे वळले होते. पोलंडमधून आलेल्या जोसेफ हेख्त यांनी स्टॅन्ली विल्यम हेटर या तरुण इंग्रजाला ब्युरिन धरायला शिकवले, आणि हेटरने १९२७ मध्ये जी कार्यशाळा सुरू केली ती पुढे ‘आतेलिए १७’ म्हणून गाजली. हेटरच्या छापांत प्रबोधनकाळाची एकही आकृती सापडणार नाही. त्या बहुतांशी अमूर्त आहेत. पण प्लेट फिरवत रेषेला अवकाशात ढकलत नेणे, रेषेने वस्तूचे वर्णन न करता तिला स्वतःचा जोर देणे, हे त्याने पंधराव्या शतकातील इटालियनांकडे पाहूनच पक्के केले, आणि मार्कान्तोनिओनंतरच्या नकलाकारीबद्दल त्याचे मत कडक होते. भारतीय मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी १९५०च्या दशकात या कार्यशाळेत आले, आणि आपल्याकडच्या मुद्राचित्रकलेत ब्युरिनबद्दलचा आदर बऱ्याच अंशी त्या मार्गाने आला. नक्कल की वारसा हे ठरवायचे असेल, तर माझ्या दृष्टीने अँडरसनपेक्षा हेटर प्रबोधनकाळाला जवळचा आहे, दिसायला मात्र तो कितीतरी दूर आहे. हे मत माझ्या अनेक सहकाऱ्यांना मान्य नाही.

शेवटी ओळखण्याविषयी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि सुट्या, एकट्या रेषेचे टोक शोधा. घनदाट छायेत पाहून काही कळत नाही. ब्युरिनची रेषा सुईसारख्या अणकुचीदार टोकाने सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होऊन संपते. तिच्या कडा काचेसारख्या स्वच्छ असतात. एचिंगची रेषा बोथट टोकाने सुरू होऊन तशीच संपते आणि आम्लाने खाल्ल्यामुळे कडा किंचित खरबरीत दिसतात. ड्रायपॉइंटमध्ये धातूची धार न काढता ठेवलेली असते, म्हणून रेषेभोवती मखमली काळेपणा पसरतो. मग कागद तिरक्या उजेडात धरा: खोल कोरलेल्या रेषांची शाई कागदावर उभी राहिलेली दिसते. हा उठाव बोटाला कसा लागतो हे पाहायचे असेल तर पाचशे रुपयांच्या नोटेवरील गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. तीही खोलगट प्लेटवरूनच छापतात. संग्रहातल्या छापेला मात्र बोट लावू नका. एकाच छापेत दोन्ही तंत्रे असणे अगदी सामान्य आहे, बाह्यरेषा आम्लाने आणि बारकावे ब्युरिनने, म्हणून निदान चार-पाच ठिकाणी तरी पाहावे.

ड्यूररच्या नावाने विकायला येणाऱ्या छापांबाबत आणखी एक सावधगिरी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शार्ल आमाँ-द्युराँ यांनी छायाचित्रणाच्या आधारे तांब्याच्या प्लेटा तयार करून ड्यूरर आणि रेम्ब्रांटच्या छापांच्या उत्तम प्रतिकृती काढल्या. त्यांवर प्लेटचा दाबही उमटलेला असतो आणि शाईचा उठावही असतो, त्यामुळे वरची चाचणी इथे पुरेशी ठरत नाही. अशा वेळी कागद उलटा करून मागची बाजू पाहावी, कारण त्यांच्या प्रतींमागे बहुधा लाल शिक्का असतो. शिक्का नसेल तर कागदाचा जलचिन्हासह तपास एखाद्या संग्रहालयाच्या मुद्राचित्र विभागाकडून करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.